बावन्न पानांचा जुगार, अठ्ठ्याहत्तर पानांचं अध्यात्म

अडचणीच्या काळात किनवटच्या माणसाला सल्ला मिळाला नाही, असं आजवर कधी झालेलं नाही. ऐन पेरणीत खत मिळत नाही, नांदेडच्या गाडीत बसायला जागा मिळत नाही, बँकेत साहेब जागेवर मिळत नाहीत. सल्ला मात्र मागायच्या आधी मिळतो. पैनगंगेचा काठ, सागवानाचं जंगल आणि पलीकडे तेलंगणा, अशा ठिकाणी वसलेल्या या तालुक्यात तो मराठी, तेलुगू, गोंडी, गोरमाटी आणि दखनी अशा पाच भाषांत मिळतो. १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं, राज्य पुनर्रचनेत ते नांदेडला जोडलं गेलं. सरकारी दप्तर एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, पण चहाच्या टपरीवरची सल्लागार मंडळी बाकावरून उठली नाहीत.

वरच्या दरबारातही इथल्या माणसाची ओळख दांडगी. पन्नासेक किलोमीटरवर माहूर. तिथे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेली रेणुकामाता, जवळच्या शिखरावर दत्तप्रभू आणि पुढच्या डोंगरावर अनसूयामाता. तालुक्यातच उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे. त्वचेची दुखणी घेऊन माणसं तिथे जातात आणि जाताना मनातलीही घेऊन जातात. गोंड-कोलामांच्या वस्त्यांवर भगत आहे, बंजाऱ्यांच्या तांड्यावर सेवालाल महाराज आहेत, आणि प्रत्येक घराच्या भिंतीवर १९७३ पासून निघणारं कालनिर्णय किंवा त्याचं एखादं भावंड खिळ्याला लटकलेलं आहे. रेणुकामाता भक्ताला लेखी उत्तर देत नाही, तांबुलाचा प्रसाद देते. तो चघळत डोंगर उतरेपर्यंत निम्म्या लोकांचा प्रश्न निम्मा झालेला असतो.

एवढं सगळं हाताशी असताना या तालुक्याला भविष्य सांगणाऱ्या टॅरोची काय गरज होती? गरज नव्हतीच. तो मोबाइलमधून आला.

रात्री जेवणं आटोपली, भांडी झाली, की बोट रीलवर रील सरकवत असतं आणि अचानक पडद्यावर जांभळं साटीन, दोन मेणबत्त्या, एक गुलाबी दगड आणि लांब नखांचे दोन हात दिसतात. ‘ही रील तुमच्यापर्यंत आली आहे, म्हणजे हा योगायोग नाही,’ असं एक मंजूळ आवाज सांगतो. खरंच नसतो. दुपारी त्याच मोबाइलवर कुणीतरी ‘लग्न जुळत नसेल तर उपाय’ असं शोधलेलं असतं. पूर्वी बाजाराच्या दिवशी पिंजऱ्यातला पोपट चोचीने पाकीट ओढून भविष्य सांगायचा. तेलुगू मुलखात त्या पोपटाचा मोठा दरारा, आणि किनवटचा बाजार त्या मुलखाला खेटून. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, त्यामुळे हळूहळू पोपट बेकार झाला. त्याच्या जागेवर आता अल्गोरिदमची नेमणूक झाली आहे. तोही पिंजऱ्यात बसून एकेक पान ओढून देतो. फरक डाळीचा. पोपट चार दाण्यांत भागवायचा, याला रात्रीची झोप लागते.

टॅरोच्या जोडात ७८ पानं असतात. त्यांतली ५६ पानं आपल्या पत्त्यांच्या नात्यातली: चार रंग, एक्का ते दश्शी, वर राजा, राणी, सरदार आणि गुलाम. उरलेली २२ पानं खास चित्रांची. मूर्ख, जादूगार, संन्यासी, नियतीचं चाक, मरण, सैतान, मनोरा, सूर्य, चंद्र अशी सगळी वरात तिथे असते. बघणाऱ्याला वाटतं, हे गूढ ज्ञान हिमालयात नाहीतर इजिप्तच्या पिरॅमिडमध्ये सापडलं असणार. प्रत्यक्षात हा पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला पत्त्यांचा डाव. मिलानचे ड्यूक आणि त्यांचे पाहुणे जेवणानंतर तो खेळत. ती २२ गूढ पानं म्हणजे चक्क हुकमाची पानं. ती टाकायची आणि समोरच्याचा हात मारायचा, एवढाच त्यांचा मूळ संदेश. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात आजही लोक टॅरो खेळतात आणि हरल्यावर एकमेकांवर ओरडतात.

या पानांना अध्यात्म चिकटलं ते १७८१ साली. पॅरिसच्या आंत्वान कूर द जेबलँ नावाच्या विद्वान गृहस्थाने लिहून टाकलं, की या पानांत प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान लपलेलं आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. ती शाँपोल्यॉने उलगडली १८२२ साली, म्हणजे ज्ञान वाचता येण्याच्या चाळीस वर्षं आधीच त्याचा अर्थ लावून झाला होता. लिपी उलगडल्यावर इजिप्तमध्ये टॅरोचा मागमूस सापडला नाही, पण तोवर एतेला नावाच्या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थाने भविष्य सांगण्यासाठी वेगळा जोड काढून धंदा सुरूही केला होता. धंदा एकदा सुरू झाला, की पुराव्यावाचून त्याचं अडत नाही.

आज रीलमध्ये दिसतो तो जोड १९०९ चा, लंडनचा. आर्थर वेट यांनी कल्पना सांगितल्या आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काही महिन्यांत सगळी चित्रं काढून दिली. तिला एकरकमी थोडे पैसे मिळाले, पुढच्या विक्रीतला वाटा मिळाला नाही. जगभरातल्या लोकांना ‘धनलाभ होईल’ असं सांगणाऱ्या चित्रांची ही आई १९५१ साली इंग्लंडच्या एका किनारी गावात कर्ज मागे ठेवून वारली.

महाराष्ट्राकडेही चित्रांचे पत्ते होते, हे इथे सांगायला हवं. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा: गोल पानं, लाखेचं रंगकाम, विष्णूचे दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. साक्षात मत्स्य, कूर्म, वराह हातात असताना मराठी माणसाने त्यांना ‘मुलीचं लग्न कधी?’ असं विचारलं नाही. तो सरळ खेळला. इटलीत खेळाच्या पानांचा देव झाला, इथे देवांचा डाव मांडला. आणि आजची स्थिती अशी, की बाभळीखाली चार जण ५२ पानं आणि थोडे पैसे घेऊन बसले, तर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा घेऊन पोलीस येतात. एक जण ७८ पानं आणि थोडे पैसे घेऊन बसला, तर लोक चपला काढून येतात.

आता ही १९०९ ची लंडनची चित्रं किनवट तालुक्यात कशी लागू पडतात, ते पाहण्यासारखं आहे. पेंटॅकल्सच्या, म्हणजे सोन्याच्या चकत्यांच्या, पंजीवर दोन कंगाल माणसं बर्फातून लंगडत चालली आहेत, हे चित्र मे महिन्यात ४२ अंशांच्या पुढे तापणाऱ्या गावात निघतं. मरणाचं पान निघालं, तर त्यावर चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलेला. ‘बाप्पा, हे काय इपरीत!’ म्हणून घरातली म्हातारी मागे सरकते. मोबाइलच्या पलीकडून टॅरोवाल्या ताई सांगतात, ‘घाबरू नका, याचा अर्थ मृत्यू होत नाही, ट्रान्सफॉर्मेशन होणार आहे.’ शेतकऱ्याला बरं वाटतं. जळालेला ट्रान्सफॉर्मर चार महिन्यांपासून बदलून मिळालेला नसतो. मनोऱ्याचं पान निघालं, की वीज कोसळते, मुकुट उडतो, माणसं खाली पडतात. मोठं संकट म्हणे. डोंगराकडच्या गावांत तेवढ्यात खरंच टॉवर जातो आणि व्हिडिओ कॉल ‘रिकनेक्टिंग’वर अडकतो. इतकं अचूक भाकीत भल्याभल्यांना जमलेलं नाही.

७८ पानांत तलवारी आहेत, पेले आहेत, काठ्या आहेत, सोन्याच्या चकत्या आहेत. ‘पीकविमा नामंजूर’ हे पान नाही. ‘केवायसी अपूर्ण’ नाही. ‘मुलगी पसंत आहे पण मुलाला नोकरी नाही’ हेही नाही. तरी माणसं विचारतात आणि त्यांना उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. असं का होतं, याची तपासणी झालेली आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकेक कागद दिला. किती जुळतं, याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग कळलं, की सगळ्यांना एकच मजकूर वाटला होता आणि तोही रद्दीतल्यासारख्या एका भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. ‘तुम्ही बाहेरून खंबीर दिसता, पण आतून हळवे आहात’ या जातीच्या वाक्यांना सातबारा लागत नाही; ती कुणाच्याही नावावर चढतात.

घरचं उदाहरण हवं असेल तर पुण्याचं आहे. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ च्या सुमारास फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळल्या. ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून हुशार कोण, एवढंच सांगायचं. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. बाकीच्यांचे ग्रह त्या आठवड्यात अनुकूल नसावेत. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. पत्रिकेला निदान जन्मवेळ आणि गणित तरी असतं. टॅरोच्या पानाला जो पिसतो त्याच्या मनगटापलीकडे काही आधार नाही.

पण हे सगळं सांगूनही किनवटची माणसं पान काढायची थांबणार नाहीत, आणि त्यामागे खुळेपणापेक्षा वेगळं कारण आहे. ते जवळून पाहायचं तर समजा, किनवटलगतच्या गोकुंद्याच्या एका घरात रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लागला आहे. पैसे आधी यूपीआयने गेलेत. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून उभा केलाय, कुकरची तिसरी शिट्टी राहिलीय, दाराआड सासूबाई ‘ऐकत नाही’ असं दाखवत ऐकताहेत. प्रश्न मुलाचा. दोनदा पोलीस भरतीत धावला, दोनदा थोडक्यात राहिला. तिसऱ्यांदा धावू द्यावं, की दुकानावर बसवावं?

‘प्रश्न मनात धरा,’ पुण्याच्या ताई म्हणतात. बाई प्रश्न मनात धरतात आणि लगेच तोंडानेही सगळा सांगून टाकतात: नवऱ्याचा स्वभाव, दिराची वाटणी, सोयाबीनचा भाव, लेकराचा गुडघा. पंचवीस मिनिटं. ताई मध्ये बोलत नाहीत, फक्त ‘हं’ म्हणतात. तीन पानं निघतात: भूत, वर्तमान, भविष्य. पहिल्यावर कड्याच्या टोकाशी निघालेला मूर्ख आणि त्याचं कुत्रं, दुसऱ्यावर एका पायाने उलटा टांगलेला माणूस, तिसऱ्यावर आठ चकत्या घडवणारा कारागीर. ताई एनर्जीबद्दल थोडं बोलतात आणि मग विचारतात, ‘मुलाला स्वतःला काय करायचंय?’

घरात शांतता. हा प्रश्न दोन वर्षांत कुणी विचारलेला नसतो. मुलगा आतून बोलावला जातो. तो म्हणतो, त्याला मोबाइल दुरुस्तीचं शिकायचंय, तीन महिन्यांपासून सांगायचं होतं. बाई डोळे पुसतात, ‘पानात अगदी तसंच निघालं बघा’ असं म्हणतात आणि संध्याकाळपर्यंत चार घरांत टॅरोची कीर्ती पोचते. पानात तसं काहीच निघालेलं नव्हतं. कारागिराऐवजी पेले निघाले असते, तरी ताईंनी तेच विचारलं असतं आणि पोराने तेच सांगितलं असतं.

विकत मिळाली ती पंचवीस मिनिटं. त्या वेळात कुणी ‘माझ्या पुतण्याचंही असंच झालं’ म्हणून स्वतःची कहाणी सुरू केली नाही. सख्ख्या बहिणीला सांगावं तर ती निम्म्यावर अडवते, शेजारणीला सांगावं तर ते बसस्टँडपर्यंत पोचतं, नवऱ्याला सांगावं तर तो ‘बघू’ म्हणतो. परक्या शहरातली, परक्या आडनावाची, उद्या बाजारात भेटणार नाही अशी बाई ऐकून घेते, हीच सोय.

दुसरं कारण शकुनाइतकंच जुनं आहे. मराठी माणूस देवाला किंवा दैवाला विचारतो तेव्हा बहुधा त्याचा निर्णय झालेला असतो. त्याला शिक्कामोर्तब हवं असतं. म्हणून पान मनासारखं निघालं नाही, तर ‘पिसताना एक पान निसटलं, पुन्हा काढा’ असा आग्रह होतो. तुलसीदासांच्या नावाची रामशलाका यासाठी फार सोयीची. २२५ चौकोन, कुठेही बोट ठेवायचं, दर नववं अक्षर जोडायचं, नऊ चौपायांपैकी एक मिळते. त्यांतल्या निम्म्याहून जास्त कौल अनुकूल. नकार आलाच, तर ‘मन एकाग्र नव्हतं’ म्हणून हात धुऊन परत बसता येतं.

शेतीच्या प्रश्नांनाही हा नियम लागतो. बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. अठरा धान्यं गोलाकार मांडायची, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, कुरडई, करंजी. रात्रभरात काय हललं, काय ओलं झालं, ते पाहून पहाटे पावसापाण्याचं भाकीत सांगतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगितली जाते. विवेकवादी कार्यकर्ते त्याला आव्हान देतात, वर्तमानपत्रं ते छापतात, शेतकरी ते वाचतो. आणि मग बियाणं तेच घेतो जे दुकानदार उधारीवर देतो.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचा भाग तसा नाही. पहिल्या कॉलमध्ये ‘चांगले दिवस येतील’, दुसऱ्यात ‘कुणीतरी वाईट नजर लावलीय’, तिसऱ्यात ‘ती काढायला पूजा लागेल, अर्धे पैसे आत्ता’, असा मुक्काम-दर-मुक्काम प्रवास सुरू झाला, की पानं पुन्हा मूळ कामाला लागतात आणि समोरच्याचा हात मारला जातो. अशा लुबाडणुकीविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याने पत्रिका पाहण्यावर वा पानं काढण्यावर बंदी घातलेली नाही. चमत्काराचा दावा करून फसवणं, लुबाडणं आणि दहशत घालणं हा मात्र गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रं चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हाही. जंगलाच्या तालुक्यात हे कलम पाठ असलेलं बरं.

आणि काही प्रश्नांना पानच काढू नये. कर्जाने झोप उडालेली आहे, जेवण जात नाही, जगण्यात राम नाही असं वाटतंय, अशा वेळी उलटं टांगलेल्या माणसाचं चित्र दाखवणारी व्यक्ती कितीही गोड बोलली तरी ती तिथे उपयोगाची नाही. मराठवाड्याने अशी घरं खूप पाहिली आहेत. तिथे ऐकणारा माणूस शिकलेला हवा आणि गरज पडली तर औषध देणाऱ्यापर्यंत पोचवणारा हवा.

तेव्हा किनवटकरांनी पान काढायचंच असेल तर खुशाल काढावं. करमणुकीला मनाई नाही. पैसे एकदाच द्यावेत, ओटीपी कुणाला सांगू नये, दुसऱ्या कॉलला पूजेचं नाव निघालं तर फोन ठेवावा, आणि मुलाला काय करायचंय हे त्याला घरीच विचारून घ्यावं, त्याचे पैसे पडत नाहीत. मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा नंबर लावावा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, आणि फुकट आहे.